शनिवारी दुपारी, दोरीच्या अलीकडून

सोमवारी सकाळी ड्यूटीवर गेले तेव्हा आमच्या वॉर्डातली एक नर्स औषधांची ट्रॉली लावत होती. डाव्या डोळ्याखाली जांभळा वळ, कोपर सोललेलं. खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जिंकलात का?" काय लागलं, कुठे पडलीस, असलं काही नाही. ती म्हणाली, "तीन गुणांनी हरलो." आजोबांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी चहा तसाच निवू दिला.

खेळ होता रग्बी, आणि तेव्हापासून मी बायकांचं रग्बी बघते आहे. आम्ही 2012 मध्ये कोल्हापूरहून न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला आलो. भूकंप होऊन वर्ष झालं होतं, अर्धं शहर कुंपणाच्या आत होतं आणि लँकेस्टर पार्क हे जुनं मोठं मैदान कायमचं बंद झालं होतं. रग्बी म्हणजे ऑल ब्लॅक्स हा देशाचा पुरुषांचा संघ, सामन्याआधीचं त्यांचं ते माओरी नृत्य, हाका, एवढंच आम्हाला माहीत. बायकांचीही प्रांतवार स्पर्धा असते, ती 1999 पासून चालू आहे, हे मला त्या नर्सनं सांगितलं. कँटरबरीच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, लाल-काळ्या पट्ट्यांच्या जर्सीतल्या मुलींना खेळताना पहिल्यांदा बघायला गेले तीही तिच्याच सांगण्यावरून.

या स्पर्धेला 2016 पासून फराह पामर कप म्हणतात. नाव कुणाचं आहे हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. फराह पामर किंग कंट्रीतल्या पिओपिओ या छोट्याशा गावची मुलगी. डनीडनला विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथे रग्बी खेळायला लागली. पुढे न्यूझीलंडची कर्णधार झाली आणि 1998, 2002, 2006 असे लागोपाठ तीन विश्वचषक जिंकून आणले. कर्णधार म्हणून ती फक्त एक कसोटी, म्हणजे देशादेशांतला सामना, हरली. हे सगळं करता करता पीएचडी केली, विद्यापीठात शिकवलं, आणि 2016 मध्ये देशाच्या रग्बी मंडळावर जाणारी पहिली बाई झाली. कपाला एखाद्या प्रायोजकाचं नाव सहज देता आलं असतं. खेळाडूचं दिलं, आणि तेही ती हयात असताना. आपल्याकडे जिवंत खेळाडू बाईच्या नावानं किती स्पर्धा आहेत, आठवून बघा.

संघ 13, दोन गटांत. वरचा गट प्रीमिअरशिप, खालचा चॅम्पियनशिप. नावंही कशी घेतलीत बघा: हॉक्स बे म्हणजे 'टुई', तारानाकी 'व्हिओ', नॉर्थलंड 'कौरी'. टुई हा इथल्या झाडांवर गाणारा पक्षी, व्हिओ डोंगरातल्या जोरदार ओढ्यात राहणारं निळसर बदक, आणि कौरी नॉर्थलंडच्या जंगलातलं प्रचंड झाड. मानावातू 'सायक्लोन्स', ऑकलंड 'स्टॉर्म'. पहिली कित्येक वर्षं ऑकलंडचंच राज्य होतं, कप जणू त्यांच्याच कपाटात ठेवलेला. 2017 मध्ये आमच्या कँटरबरीनं तो जिंकला तो 2020 पर्यंत सोडला नाही.

2020 च्या अंतिम सामन्याबद्दल मी बोलायला लागले की घरातले उठून जातात, पण इथे लिहितेच. कँटरबरी 8, वायकाटो 7. रग्बीत ट्राय केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवला, की पाच गुण, त्यानंतरची किक बसली तर आणखी दोन, पेनल्टीचे तीन. म्हणजे ऐंशी मिनिटं दोन्हीकडच्या पंधरा-पंधरा जणी चिखलात एकमेकींना रेटत होत्या आणि शेवटी फरक एका गुणाचा. ज्यांना वाटतं जास्त गुण झाले की सामना रंगतो, त्यांनी असला एक सामना बघावा. शेवटची दहा मिनिटं मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वर्षी त्याच वायकाटोनं आम्हाला 22-20 असं हरवून पहिल्यांदा कप नेला. त्या वर्षी लॉकडाउनमुळे ऑकलंडकडच्या संघांना खेळताच आलं नव्हतं. वायकाटोच्या विजयाला त्यानं उणेपणा येतो असं काही जण म्हणाले, मला ते पटलं नाही. समोर कँटरबरी होती, आणि कँटरबरीला हरवूनच त्या जिंकल्या.

आता मला जे सांगायचं आहे ते.

12 नोव्हेंबर 2022 ला ऑकलंडच्या ईडन पार्कवर ब्लॅक फर्न्सनी, म्हणजे देशाच्या महिला संघानं, इंग्लंडला 34-31 असं हरवून सहावा विश्वचषक जिंकला. 42,579 माणसं होती. मी घरी टीव्हीसमोर रडले. दुसऱ्या दिवशी सगळा देश म्हणत होता, महिला रग्बीचे दिवस आले. पण ईडन पार्कवर जी केंड्रा कॉक्सेज शेवटची कसोटी खेळली ती घडली कुठे? तारानाकीतल्या दुभत्या गाईंच्या फार्मवरची ही मुलगी, वर्षानुवर्षं कँटरबरीची हाफबॅक, म्हणजे घोळक्यातून चेंडू काढून मागच्यांना देणारी. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या सर्वोत्तम रग्बी खेळाडूचा मान मिळवणारी ती पहिली बाई. ती आमच्या मैदानावर अशा दुपारी खेळली आहे जेव्हा प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या आया, क्लबचे म्हातारे आणि दोन-चार कुत्री. 42,579 मधले किती जण पुढच्या मोसमात प्रांताचा सामना बघायला आले? मी दोरीपाशी उभी होते. फार नाही आले.

2022 पासून चार संघांची सुपर रग्बी औपिकी सुरू झाली. खेळाडूंना तिथे मानधन मिळतं, ते मिळायलाच हवं. देशाच्या संघातल्या मुलींनासुद्धा पगारी करार मिळाले ते 2018 मध्ये. 2017 चा विश्वचषक जिंकणारी कर्णधार फिआओ फाआमाउसिली पोलीस खात्यात डिटेक्टिव्ह होती. तेव्हा पैसे यायला लागले याचा मला आनंदच आहे. पण त्यासोबत एक सूर हळूच यायला लागला आहे, की आता प्रांतांची स्पर्धा म्हणजे नुसती खालची पायरी, ती कधीही उरकली तरी चालेल. 2022 मध्ये विश्वचषकासाठी ती जुलैमध्येच ओढून घेतली. एखाद्या वर्षी अडचण असते, समजू शकते. पण सवय लागायला नको. सामन्याच्या दिवशी एका संघात 23 जणी असतात. 13 संघांच्या झाल्या 299. चार संघांत एवढ्यांना जागा कुठली? आणि बाकीच्यांमध्येच उद्याची कॉक्सेज असते. एकोणीस वर्षांची पोर स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणी खांदे भिडवून रेटतात तिथे, समोरच्या पहिल्या रांगेतल्या अनुभवी प्रॉपकडून दोनदा जमिनीवर आपटते, तिसऱ्यांदा पाय कुठे रोवायचे ते शिकते. हे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची आहे. महिलांचा सामना पुरुषांच्या सामन्याआधी त्याच मोठ्या मैदानावर लावतात. माझा नवरा म्हणतो, यात वाईट काय? तेच गवत, तेच कॅमेरे, टीव्हीवर दिसतात. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मी तिथे बसले आहे. मध्यंतराला स्टँडमध्ये माणसं यायला लागतात, बिअरचे ग्लास सांभाळत जागा शोधतात, मैदानाकडे पाठ. खाली एक मुलगी ट्राय करते आणि टाळ्या एका कोपऱ्यातून येतात, कारण तिच्या घरचे तिथे बसलेत. तोच सामना क्लबच्या मैदानावर खेळवा. चारपाचशे माणसं चारी बाजूंनी दोरीला खेटून उभी राहतात तेव्हा मैदान भरलेलं असतं. तिथे तो दिवसाचा मुख्य सामना असतो, कुणाच्या आधीचा नसतो. माझं ठाम मत आहे की या मुलींना मोठ्या स्टेडियमपेक्षा आधी स्वतःचा दिवस द्या.

हे मी कोल्हापूरची आहे म्हणून कळकळीनं लिहिते. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉल सामना असला की शाहू स्टेडियमवर काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. सांगली-साताऱ्याला त्या खेळाडूंची नावं माहीत नसतील, पण पेठेतल्या पोरापोरांना पाठ असतात. आपल्या गल्लीचा माणूस खेळतोय, बस्स. त्या पायऱ्यांवर माझे वडील आणि काका बसायचे. आम्हा पोरींना नेत नसत. आम्ही शाळेत कबड्डी खेळायचो, तीही आठवीपर्यंत. नववीत हाफ पँटवरून घरात बोलणी सुरू झाली आणि माझं खेळणं थांबलं. इथे पहिल्यांदा टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून पाडणं, बघितला तेव्हा माझे खांदे आपोआप खाली आले. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा कसा धरायचा हे हातांना अजून आठवत होतं.

इथल्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींना मी दरवर्षी सांगते, चला. पोरींनाही आणा. थंडी असते, ऑगस्टमध्ये दक्षिणेचं वारं लागलं की कान दुखतात, मफलर आणा. थर्मासमध्ये चहा मी आणते. मैदानाच्या इतकं जवळ उभं राहता येतं की स्क्रमच्या वेळचं रेफरीचं "क्राउच... बाइंड... सेट" ऐकू येतं आणि मग सोळा जणी एकमेकींवर आदळल्याचा तो घुमा आवाज. टीव्हीवर तो येत नाही. सामना संपला की खेळाडू दोरीपाशी येऊन लहान मुलींशी बोलतात, कुणाच्या टोपीवर सही करतात, कुणाच्या आईला मिठी मारतात. चिखल आपल्या कोटाला लागतो.

मागच्या मोसमात एकदा मी तिथूनच कोल्हापूरला भाचीला व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपारचे दोन, तिथे सकाळचे साडेसात, ती दात घासत होती. ब्रश तोंडातच. पहिला प्रश्न: "आत्या, पुढे जायचंय तर चेंडू मागं का टाकतात?" मी सांगितलं, पुढे पास द्यायला बंदी आहे, पुढे जायचं ते चेंडू घेऊन स्वतः पळत. तिनं थोडा विचार केला. इतक्यात समोरच्या संघाची विंगर रेषेच्या कडेनं सुटली, फोनमधून एकदम आवाज आला, "धर! धर तिला! पाय धर!" शेजारी उभ्या असलेल्या आजींनी वळून विचारलं, ती काय म्हणते आहे? मी सांगितलं. त्यांनी दोनदा हळू म्हणून पाहिलं. दुसऱ्या हाफमध्ये तीच विंगर पुन्हा सुटली तेव्हा लाल-काळी मफलर गुंडाळलेल्या त्या आजी दोरीवरून वाकून माझ्याआधी ओरडल्या, "धऽऽर!"