ईईजीवरून ऑटिझम ठरत नाही
‘मूल ढोलाच्या आवाजाने कान झाकत असेल तर ईईजी काढा, ऑटिझम लगेच कळतो’ असा मेसेज नाशिकच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. हे चुकीचं आहे. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, तो मुख्यतः फिट्सच्या तपासासाठी काढतात. मोठ्या भावंडाला ऑटिझम असलेल्या बाळांच्या मेंदूलहरींत काही अभ्यासांना फरक दिसलेत, पण ते गटाच्या सरासरीत. एकट्या मुलाचं निदान त्यावरून होत नाही. आवाज-स्पर्शाला अतितीव्र किंवा अगदी मंद प्रतिसाद हा डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, २०१३ पासून ऑटिझमचा निकष आहे खरा, पण अनेकांपैकी एक. दारात नाशिक ढोल घुमला तर कुठलंही लेकरू आईच्या पदरात तोंड खुपसतं! हाक मारल्यावर वळतं का, चिमणी बोटाने दाखवून तुमच्याकडे बघतं का, हे पाहा. नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे आत्ताच जा, ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका.