बॅग फिल्टर बसवला म्हणून फी वाढली

धूर बाहेर जाऊ नये म्हणून पिशव्यांतून धूर गाळणारं यंत्र, म्हणजे बॅग फिल्टर, बसवलं, आणि त्या यंत्राच्या किमतीमुळेच कन्सेंटची, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची, फी वाढली. आज सकाळी मंडळाच्या पोर्टलवर क्वेरी येऊन पडलीय: फी कमी भरली आहे, फरक भरावा. कशाचा फरक? बॅग फिल्टर, त्याचं डक्टिंग, ब्लोअर, नवी चिमणी, सगळं भांडवली गुंतवणुकीत धरलं. सीएच्या सर्टिफिकेटवरचा आकडा फुगला आणि मी गेलो फीच्या वरच्या स्लॅबमध्ये.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत लहानशी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे माझी. तो फिल्टर मी हौसेनं बसवलेला नाही. कन्सेंटच्या अटीत लिहून दिलं होतं, बसवा. कर्ज काढून बसवला. त्यानं किलोभर कास्टिंग जास्त निघत नाही. उलट ब्लोअरची वीज वेगळी, पिशव्या फाटल्या की त्या बदलायचा खर्च वेगळा. आणि ज्यानं बसवलाच नाही, जो रात्री भट्टी लावून काळा धूर उघडा सोडतो, त्याची गुंतवणूक कमी म्हणून त्याची फी कमी! संताप येणार नाही तर काय होईल?

बरं, ही गुंतवणूक मोजतात तीही घसारा वजा न करता. माझ्याकडची जुनी भट्टी आज भंगारवाला फुकट नेईल की नाही शंका आहे, पण कागदावर ती अजून घेतली त्याच किमतीला उभी आहे. धंदा मंदीत असो, निम्मे मोल्ड रिकामे असोत, आकडा खाली येत नाही. उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा हे रंग 2016 पासून प्रदूषण निर्देशांकावर ठरतात. म्हणजे कोण किती घाण करतो ते मोजायचं माप आहे तुमच्याकडे. मग फी त्या मापानं का नाही?

फी भरली नाही तर काय? कन्सेंट मिळत नाही, आणि कन्सेंटशिवाय भट्टी चालवली तर दंड. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं 1981 च्या हवा कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांचा तुरुंग काढून दंड आणला, 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत. 15 लाखांत माझ्यासारख्याचं शटर कायमचं खाली येतं. म्हणून आम्ही मुकाट्यानं चलन भरतो, आणि तेच गृहीत धरलं जातं.

वाढवायला सगळे टपलेलेच आहेत. वीजबिलात इंधन समायोजन आकार, पाण्याचे दर, वजनकाट्याचं स्टॅम्पिंग. आम्ही मात्र कास्टिंगला किलोमागे एक रुपया वाढवून मागितला की मोठ्या कंपनीचा परचेसवाला महिनोन्महिने फोन उचलत नाही. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा आहे, तो कुणी पाळायचा? आणि इकडे सांगलीच्या शेरी नाल्याचं सांडपाणी आमच्या लहानपणापासून कृष्णेत जातंय. त्याच पाण्यावर वाढलेली माणसं आहोत आम्ही. नदी स्वच्छ हवी, हवा स्वच्छ हवी, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. माझे कामगार आठ-आठ तास त्याच शेडमध्ये उभे असतात, आणि मीही असतो.

फी नकोच असं मी म्हणत नाही. तपासणीला माणसं लागतात, प्रयोगशाळा लागते, त्याचा खर्च आम्ही उचलू. पण वाढीला बांध घाला. महागाई वाढते त्याच्यावर एक पैसा नको. नवा दर लावायच्या आधी वर्षभर जाहीर करा, म्हणजे ऑर्डरचे भाव ठरवताना तो धरता येईल. प्रदूषण रोखायला घेतलेली यंत्रं गुंतवणुकीतून पूर्ण वगळा. आणि गोळा केलेल्या फीतून सांगली जिल्ह्यात हवा मोजायची यंत्रं किती लावली, पाण्याचे नमुने किती तपासले, याचा हिशेब दरवर्षी लोकांसमोर ठेवा. तो ठेवल्याशिवाय पुढची वाढ करू नका.