हाकेच्या अंतरावरचा डोंगर

लांबच्या पर्वतावर जाणं त्या मानाने सोपं. तिकिटं कित्येक महिने आधी काढलेली असतात, साहेबाच्या हातापाया पडून रजा मिळवलेली असते आणि भरलेले पैसे परत मिळणार नसतात. त्यामुळे माणसं मुकाट्याने जातात आणि बहुतेक वेळा परतही येतात. खरा घाम काढतो तो शहरापासून दोन तासांवरचा डोंगर. शनिवारी सकाळी निघायचं, चढायचं, रात्र तंबूत काढायची आणि रविवारी संध्याकाळी घरी. यात एवढं ठरवायचं काय, असं ज्याला वाटतं त्याने ही सहल एकदा ठरवून दाखवावी.

सगळ्या दुखण्याचं मूळ म्हणजे डोंगर जवळ असणं. हवेत धूळ कमी असली की तो गच्चीवरून दिसतो, आणि जे गच्चीवरून दिसतं त्याचा कोणी धाक बाळगत नाही. बूट नंतर बघू, नकाशा नंतर बघू, येणार की नाही तेही नंतर सांगू. ‘इथे तर जायचंय!’ एवढ्या भांडवलावर लोक शुक्रवारच्या मध्यरात्रीपर्यंत निवांत असतात.

रिवाजाप्रमाणे आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो. त्याचं नाव काय असावं यावर कडाक्याची चर्चा होते, ग्रुपच्या फोटोवरून दोघांची तोंडं दोन दिशांना होतात, आणि तारखेचा विषय निघाला की सामसूम. हा शनिवार कोणाच्या तरी लग्नात जातो, पुढचा मुलांच्या परीक्षेत, त्याच्या पुढचा ‘बघतो’ या सदरात. ‘बघतो’ म्हणणाऱ्या माणसासाठी गाडीत जागा धरावी लागते, तंबूत जागा धरावी लागते, जेवणात वाटा धरावा लागतो. तो फक्त येत नाही. उलट ज्याने सुरुवातीलाच ठणकावून ‘मला जमणार नाही’ सांगितलेलं असतं तो शनिवारी पहाटे सामानासकट गाडीपाशी उभा. ‘म्हटलं, घरी बसून तरी काय करायचं?’

मग हवामान. ‘शनिवारी पावसाची शक्यता ४० टक्के’ असं मी ग्रुपवर टाकलं आणि मेलेला ग्रुप उठून बसला. एकाने अर्थ लावला की डोंगराच्या ४० टक्के भागावर पाऊस पडणार, तेव्हा आपण उरलेल्या ६० टक्क्यांत तंबू लावावा. शेजारच्या काकांच्या मते दिवसाचा ४० टक्के वेळ पडणार, म्हणजे साडेनऊ तास, म्हणजे छत्री हवी. माझा धाकटा मेहुणा जन्मभर काठावर पास होत आलेला आहे. ‘चाळीस म्हणजे पडणारच, दाजी,’ तो म्हणाला.

वास्तविक या आकड्याचा अर्थ साधा आहे. अशी हवा दहा वेळा आली तर त्या ठिकाणी, त्या वेळात, साधारण चार वेळा पाऊस होतो. बस. मी हे ग्रुपवर अगदी नीट, परिच्छेद पाडून लिहिलं. त्यावर ओळीने अंगठे आले आणि सगळ्यात खाली प्रश्न: ‘मग पडणार की नाही ते सांगा.’

त्यातून तो अंदाज शहराचा. शहरातलं सिमेंट आणि डांबर दिवसभर तापतं आणि रात्रभर ती ऊब सोडत बसतं, म्हणून शहराची रात्र आसपासच्या मुलखापेक्षा उबदार असते. वर गेलं की सरासरीने दर १,००० मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. मुक्कामाची जागा शहरापेक्षा १,२०० मीटर उंच असली तर जवळपास आठ अंश तिथेच गेले, आणि वारा अजून हिशेबात धरलेलाच नाही. हे ऐकून काकांनी छत्री काढली आणि स्वेटर भरला. ‘काका, दोन्ही घ्या,’ म्हटलं तर म्हणाले, ‘नको रे, उगाच ओझं.’

वेळेचं गणित हा माझा आवडता भाग, कारण तो एकट्याने करता येतो. ‘आठच किलोमीटर आहे,’ असं नकाशावर बोट ठेवून म्हणणारा एक गृहस्थ प्रत्येक गटात असतो. घराजवळच्या बागेत तो आठ किलोमीटर दीड तासात चालतो, त्यामुळे डोंगरालाही दीड तास. बागेला चढ नसतो आणि पाठीवर तंबू नसतो, हे त्याच्या कानावर घालण्यात अर्थ नाही. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली यासाठी एक नियम सांगून ठेवला आहे: सपाटीला ताशी पाच किलोमीटर धरा, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वरून घाला. आठ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त. नियम उत्तम आहे, पण तो धडधाकट आणि न थांबणाऱ्या माणसाचा आहे. नेस्मिथसाहेबांनी माझ्या मेहुण्याला पाहिलेलं नव्हतं. मेहुणा प्रत्येक वळणावर फोटो काढतो, प्रत्येक फोटोनंतर टेकतो आणि टेकला की काहीतरी खातो. त्यामुळे मी नेस्मिथ काढतो आणि त्याला दोनने गुणतो. सहा तास.

आता उलटं मोजत यायचं. सूर्य मावळायच्या आत तंबू उभा हवा, म्हणून पाचला वर पोचायचं. म्हणजे पायथ्यापासून अकराला चालायला लागायचं. म्हणजे शहरातून नऊला निघायचं. म्हणून ग्रुपवर वेळ कळवायची सकाळी सहा. लगेच एकाचा खाजगीत निरोप येतो, ‘सहा म्हणजे आपले साडेआठ ना?’ अशी जाणती माणसं गटात असणं घातकच.

नकाशाचीही एक गंमत आहे. त्यावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एकमेकींना खेटून आल्या की समजायचं, इथे उभा चढ. पण दोन रेषांत २० मीटर उंचीचं अंतर असेल तर मधला १५ मीटरचा कातळ नकाशावर उमटतच नाही, तो प्रत्यक्षात भेटतो. या रेषांचा किस्साही असाच. १७७४ साली स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगरावर पृथ्वीची घनता काढायचा प्रयोग झाला. त्यासाठी आधी डोंगराचं वस्तुमान हवं होतं आणि ती आकडेमोड चार्ल्स हटन या गणितज्ञाच्या गळ्यात पडली. ढीगभर आकड्यांतून वाट काढायला त्याने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. डोंगराचं वजन काढताना सुचलेल्या त्या युक्तीवर आज आम्ही आमची वजनं वर न्यायचा बेत करतो. रेषा ग्रुपवर टाकल्या तर उत्तर आलं, ‘हे बोटांचे ठसे कोणाचे?’

फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा, असं मी दर खेपेला सांगतो. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहावर चालतं, मोबाइलच्या मनोऱ्यावर नाही. यावर सगळे मान डोलावतात आणि घाटात नेटवर्क जाईपर्यंत गाणी उतरवत बसतात.

सामान. पाणी लिटरला एक किलो भरतं, त्यात कुणाला सवलत नाही. चालताना तासाला अर्धा लिटर धरलं तर सहा तासांचे तीन किलो पाठीवर आले. ‘वर पाणी आहे,’ असं छातीठोक सांगणारा भेटतो. तो ऐन पावसाळ्यात गेलेला असतो हे वर गेल्यावर कळतं. खाण्याचं मात्र मी काही ठरवत नाही. त्या खात्यात आमच्याकडे टंचाई कधीच नसते आणि काडेपेटी कधीच नसते.

मेहुण्याने कोणाकडून तरी स्लीपिंग बॅग पैदा केली. ‘उणे दहापर्यंत चालते, दाजी!’ पिशवीला शिवलेली चिठ्ठी मी चष्मा लावून वाचली. अशा चिठ्ठीवर तीन तापमानं असतात. पहिल्याला माणूस सुखाने झोपतो. दुसऱ्याला अंगाचं मुटकुळं करून रात्र काढतो. तिसऱ्याला सहा तास थंडीने जीव जात नाही, एवढीच हमी. बोटांना हिमदंश होऊ शकतो. मेहुण्याचं उणे दहा हे तिसरं होतं. ‘म्हणजे मरत नाही ना?’ तो म्हणाला, आणि समाधानाने पिशवी भरायला बसला. स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीतून एकदा बाहेर आली की पुन्हा आत जात नाही. ती गुडघ्याखाली दाबून, कोपऱ्यातून कोंबून, शेवटी तिच्यावर बसून आत घातली आणि दोरी ओढली, तेव्हा एक बाही बाहेर राहिलेली दिसली. बाही त्याच्या स्वेटरची होती.

तंबू घरात एकदा लावून बघावा, असं सगळे जाणकार सांगतात. या जाणकारांची घरं मोठी असावीत. तंबूच्या काठीचे तुकडे आतून रबरी दोरीने ओवलेले असतात. पिशवीतून सोडले की ते आपोआप, टकटक आवाज करत, एकात एक बसत जातात आणि बघता बघता दिवाणखान्यात साडेतीन मीटरची काठी तयार होते. एक टोक धरून मी वळलो तर दुसऱ्या टोकाने पंख्याच्या पात्यावरची वर्षभराची धूळ सोफ्यावर आणली. ‘अहो, पंखा पुसायचाच होता तर तसं सांगायचं,’ बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. फरशीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चार कोपऱ्यांवर शब्दकोशाचे खंड ठेवले. तंबू उभा राहिला. मुलगी आत शिरली ती जेवायलाही बाहेर येईना.

त्यावर ‘दोन माणसांसाठी’ असं छापलेलं होतं. आतली रुंदी १३० सेंटिमीटर. झोपायची चटई पन्नासेक सेंटिमीटरची, दोन चटयांचे शंभर गेले. उरलेल्या तिसात दोन पिशव्या, चार बूट आणि मेहुण्याची कोपरं. उघड आहे की ही दोन माणसं तंबू शिवणाऱ्याने उभी असताना मोजली.

शौचाचा विषय ग्रुपवर कोणी काढत नाही, म्हणून तो मला काढावा लागतो. पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जायचं, पंधरा-वीस सेंटिमीटर खड्डा खणायचा, नंतर बुजवायचा. यासाठी लहान खुरपं घ्या. हा निरोप सगळ्यांनी वाचला आणि कोणीही उत्तर दिलं नाही. खुरपं एकच आलं, माझं. रविवारी सकाळी त्याला जी मागणी होती आणि ते मागताना मोठमोठ्या माणसांच्या आवाजात जी नम्रता होती, ती मला ऑफिसात कधी वाट्याला आलेली नाही.

चांदण्यांसाठी म्हणूनही काही मंडळी येतात. शहरापासून दोन तासांवर चांदण्या असतात, पण शहरही असतं. जॉन बॉर्टल या हौशी खगोलनिरीक्षकाने २००१ साली आकाशाच्या काळोखाची एक ते नऊ अशी प्रतवारी केली. एक म्हणजे निखळ काळोख, नऊ म्हणजे भर शहर. हाकेच्या अंतरावरचा डोंगर या यादीत मधेच कुठेतरी लोंबकळतो. आमच्यातल्या एका कविमनाच्या गृहस्थांनी क्षितिजावरची ती नारिंगी प्रभा पाहून ‘चंद्र उगवतोय’ म्हणून सगळ्यांना तंबूबाहेर काढलं. थंडीत कुडकुडत आम्ही बराच वेळ वाट पाहिली. ते आमचंच शहर होतं. काकांनी त्यात स्वतःची सोसायटी शोधायचाही प्रयत्न केला.

पाऊस पडला नाही. तरी पहाटे तंबूत आतून थेंब गळायला लागले. झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचं पाणी होतं, म्हणून वायुवीजनाची झडप उघडी ठेवायची असते. ती मेहुण्याने वारा लागतो म्हणून बंद केली होती. ‘चाळीस टक्के पडला की नाही, दाजी?’ चेहरा पुसत तो म्हणाला.

उतरायला वेळ कमी लागतो, पण रविवारी संध्याकाळी आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांवरून अख्खं शहर एकाच वेळी, एकाच रस्त्याने घरी निघतं. नेस्मिथने यासाठी काही सांगितलेलं नाही. दोन तासांच्या रस्त्याला आम्हाला पाच लागले. ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून त्या रात्री तो पुन्हा दिवाणखान्यात, या वेळी जेवणाच्या टेबलावर. आणि मी त्याच्या खाली बसून खर्चाचा हिशेब मांडला: गाडीचं पेट्रोल, शिधा, वर नेऊन तसाच खाली आणलेला शिधा. दर माणशी किती ते शेवटी ठळक करून ग्रुपवर टाकलं.

निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या. उत्तर एकाचंच आलं, त्या ‘बघतो’वाल्या गृहस्थांचं.

‘अरे वा, झाली का ट्रिप? फोटो टाका ना. आणि पुढच्या वेळी जरा आधी सांगत जा.’