पुस्तक न वाचता नाक मुरडण्याची पूर्वतयारी

चारचौघांत आपल्याला जाणकार म्हणून ओळखावं असं वाटत असेल, तर पोरांच्या हातातलं जादूचं जाडजूड पुस्तक गाठा. हॅरी पॉटर उत्तम. त्यावर न वाचता बोलता येतं, हा त्याचा पहिला वाङ्मयीन गुण.

साहित्य फार लागत नाही. जुनं पाकीट आणि पेन्सिल. अमेरिकेतले थोर समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी २००३ साली लिहिलं, की यातलं पात्र फिरायला निघालं की लेखिका दरवेळी ‘पाय मोकळे केले’ असंच म्हणते. म्हणून ते पाकिटाच्या पाठीवर रेघा ओढत गेले आणि काही डझन झाल्यावर थांबले. तुम्हीही ओढा. रेघा मोजून बघायला कोणी येत नाही. (मराठीत मात्र जपून. इथे अख्खी सोसायटी जेवणानंतर पाय मोकळे करायला उतरते.)

खपाचे आकडे कोणी तोंडावर फेकले तर डगमगू नका. २००० साली ही पुस्तकं न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत वरच्या जागा अडवून बसली, तेव्हा त्या वर्तमानपत्राने मुलांच्या पुस्तकांची यादीच वेगळी काढली. लग्नात पोरांची पंगत वेगळी बसवतात, तशी.

वाचायचा मोह झालाच, तर त्याचीही सोय आहे. ब्लूम्सबरी या प्रकाशकाने १९९८ मध्ये पहिल्या भागाची मोठ्यांसाठी खास आवृत्ती काढली. वर कृष्णधवल आगगाडी, आत मजकूर तोच. अब्रूला फार तर एका वेष्टणाचा खर्च.

आता हुकमाचं पान. १९९९ च्या व्हिटब्रेड या ब्रिटिश साहित्य पुरस्कारात अंतिम मान ठरवताना पॉटरच्या तिसऱ्या भागाला थोडक्यात हरवलं ते ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्याने, कवी शेमस हीनींनी आजच्या इंग्रजीत आणलेल्या. याला म्हणतात साहित्य! त्यातही राक्षस आहे, ड्रॅगन आहे. पण हजार वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे नाही का, राजाच्या खांद्यावरचं प्रेत कोडी घालतं, पण मूळ संस्कृतात, म्हणून अभिजात.

हे सगळं झोपाळ्यावर उलटं लोळून वाचणाऱ्या भाचीला ऐकवा. बेओवुल्फ नुसत्या हातांनी राक्षसाचा दंड खांद्यातून उपटतो, इथे आवाज चढवा. ती पुस्तकात बोट घालून उठून बसेल आणि विचारेल, “मग त्या राक्षसाची आई काय करते, मामा?”

इथे चष्मा काढून पुसायला घ्यावा.