योहानाचा निरोप

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. नाताळाआधीच्या चार रविवारांचा, दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटवण्याचा जो आगमनकाळ, त्याच्या पहिल्या रविवारी मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही म्हणता, "कारखान्याला टाळं लागून आठ महिने झाले, धाकटा भाऊ घरी बसून आहे. आई रोज संध्याकाळी रोझरी धरते. चौथी मेणबत्ती पेटेपर्यंत अंधार सरलेला असतो, असं लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? वाट पाहा, प्रभू येतोय, असं सांगून गरिबाला गप्प बसवायचं, याला तुम्ही आशा म्हणता. बँकेचा हप्ता वाट पाहत नाही."

अंधार सरल्याचं ते वाक्य खोटं आहे. दुसऱ्या कुणाला नसलं तरी मला ते कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेत होते. पहाटे निघायचं, चार तास बाहेरच्या बाकावर बसायचं, दुपारी तिला धरून रिक्षात चढवायचं. चौथ्या रविवारी ती मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, येऊ शकली नाही. देवळात चारही मेणबत्त्या पेटल्या होत्या. जानेवारीत ती गेली. हे सगळं पाहिलेलं असताना, कानाला गोड लागलं म्हणून मी ते वाक्य लिहून गेले. आता ते लेखातून काढलं आहे.

पण वाक्य काढलं म्हणून आशाही काढून टाकावी, हे मला पटत नाही.

यंदा, म्हणजे 2025 मध्ये, 14 डिसेंबरला आगमनकाळाचा तिसरा रविवार आहे. याला आनंदाचा रविवार म्हणतात. जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालून फादर वेदीवर येतात. आणि त्या दिवशी सुवार्ता वाचली जाणार आहे ती एका कैद्याची. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय. यार्देन नदीकाठी ज्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की माझ्यामागून येणारा माझ्याहून मोठा आहे, तो बाप्तिस्मा करणारा योहान आता हेरोद राजाच्या तुरुंगात आहे. तिथून तो आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो: जो यायचा होता तो तुम्हीच, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहायची?

येशूचं उत्तर नीट वाचा. आंधळे पाहू लागलेत, पांगळे चालतायत, कुष्ठरोगी शुद्ध होतायत, बहिरे ऐकतायत, मेलेले उठवले जातायत, गरिबांना सुवार्ता सांगितली जातेय. यातलं बहुतेक जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या वचनांना धरून आहे. दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो की नासरेथच्या सभास्थानात येशूने याच यशयाचं पुस्तक उघडून वाचलं होतं, आणि त्यात बंदिवानांच्या सुटकेची घोषणाही होती. योहानाला धाडलेल्या निरोपात नेमकी तेवढीच गोष्ट नाही. कोठडीत बसलेल्या माणसाला सगळ्या चांगल्या बातम्या जातात, त्याच्या सुटकेची तेवढी जात नाही. आणि योहान सुटलाही नाही. पुढे तीनच अध्यायांनी त्याचं शीर तबकात येतं. आईच्या आजारपणानंतर मला हा उतारा वाचताना दर वेळी धस्स होतं.

तरीही दर तीन वर्षांनी आनंदाच्या रविवारी चर्च हाच उतारा मोठ्याने वाचतं. मला त्यातून एवढं दिसतं, की योहानाने शंका मनात कुजवली नाही; जिच्याबद्दल शंका होती त्याच व्यक्तीकडे ती पाठवली. येशूनेही त्याला फटकारलं नाही. निरोप्ये वळल्यावर तो लोकांना म्हणाला, स्त्रीपोटी जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कुणी झाला नाही. हे प्रश्न विचारणाऱ्याबद्दल, प्रश्न विचारून झाल्यावर. माझी आशा हीच आहे: विचारायला कुणीतरी आहे, आणि विचारलं म्हणून तो तोंड फिरवत नाही. चौथ्या रविवारपर्यंत काय सुटेल, याची हमी तिच्यात नाही. तुमची प्रतिक्रिया मला योहानाच्या निरोपासारखीच वाटली.

आल्फ्रेड डेल्प नावाचे एक जर्मन येशूसंघीय (जेझुइट) फादर होते. हिटलरच्या विरोधकांशी संबंध असल्यामुळे जुलै 1944 मध्ये त्यांना अटक झाली. त्या डिसेंबरात बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातात बेड्या असताना, त्यांनी आगमनकाळावर चिंतनं लिहिली. धुण्याच्या कपड्यांतून ते कागद गुपचूप बाहेर जात. आगमनकाळ माणसाला मुळापासून हादरवतो, खोट्या आधारांवरून खाली उतरवतो, असं त्यांचं म्हणणं. 2 फेब्रुवारी 1945 रोजी त्यांना फाशी दिलं. मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याचा सण असतो, त्याच दिवशी. ते 37 वर्षांचे होते. त्यांना कुणी गप्प बसवणारं औषध पाजलं होतं, असं मला म्हणवत नाही.

'गप्प बसवायचं' हा तुमचा शब्द मात्र मी झटकणार नाही. 'सोसा, देव बघून घेईल' असं दुसऱ्याच्या दुःखावर सांगणारे मी देवळाच्या पायऱ्यांवर ऐकले आहेत. पण मग 22 डिसेंबरची सुवार्ताही वाचा. येशूची आई मरिया गरोदर असताना गाते: त्याने सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना चांगल्या गोष्टींनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. नाताळ तीन दिवसांवर आलेला असताना आम्ही हे वाचतो. ज्यांना गरीब गप्प हवे आहेत, त्यांनी हे गाणं आधी पुसून टाकलं असतं.

हप्त्याचं तुमचं बरोबर आहे, तो थांबत नाही. आमच्या आळीतल्या प्रार्थना गटात दोघांची छोटी वर्कशॉप आहेत, एकाकडे माणूस हवा असल्याचं गेल्या आठवड्यात कानावर आलं. होईलच असं सांगत नाही. भाऊ कारखान्यात कुठल्या मशीनवर होता आणि किती वर्षं, तेवढं कळवा. उद्या संध्याकाळी गट जमणार आहे, त्याआधी कळलं तर बरं.