‘गिझर चालूच ठेवा, अर्थिंग नसेल तर न्यूट्रल जोडा’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

थंडी पडू लागली की सातारा आणि सांगलीतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर गिझरविषयीचा एक संदेश फिरू लागतो. त्याचा सारांश असा : गिझर दिवसभर चालूच ठेवावा, कारण सारखा चालू-बंद केल्याने वीज जास्त जाते, पाणी लवकर तापावे म्हणून तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट शेवटच्या खुणेवर ठेवावा, सोलर हीटरच्या टाकीतील विजेचा बॅकअप कॉइलही कायम चालू असू द्यावा, एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर ३२ अँपिअरचा बसवावा, आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) विनाकारण त्रास देतो आणि एमसीबी असताना त्याची गरज नाही, तो काढून टाकावा, घरात अर्थिंग (गळलेला प्रवाह जमिनीत नेणारी जोडणी) नसेल तर प्लगमधील अर्थिंगची जागा न्यूट्रलला (प्रवाह परत नेणाऱ्या वायरला) जोडून घ्यावी, आणि आंघोळीपूर्वी बटण बंद केले की कसलाही धोका नाही. यातील पहिले सल्ले मुख्यतः वीजबिल वाढवतात, पण पुढचे सल्ले माणसाच्या जिवावर बेततील असे आहेत. म्हणून प्रत्येक दाव्याचे उत्तर द्यायला हवे.

गिझर चालू-बंद केल्याने वीज जास्त जाते ही समजूत बहुधा मोटारीवरून आली असावी. पाण्याची मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेते हे खरे आहे. परंतु गिझरमध्ये मोटार नसते, कॉइल असतो, आणि २ किलोवॅटचा कॉइल पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत जवळपास तेवढाच, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर, प्रवाह घेतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे १.१६ युनिट वीज लागते आणि या कॉइलला त्यासाठी साधारण ३५ मिनिटे पुरतात. हा हिशेब पाणी सकाळी तापवा की रात्री, बदलत नाही. मात्र तापलेले पाणी टाकीत जितका वेळ उभे राहते, तितका वेळ त्याची उष्णता टाकीच्या आवरणातून बाहेर जात राहते आणि तेवढी भरपाई थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा कॉइल चालू करून करतो. साठवण गिझरवरचे तारे याच उभ्या नुकसानीवरून, म्हणजे चोवीस तासांत वाया जाणाऱ्या युनिटांवरून, दिले जातात. सकाळी सहाला आंघोळ असेल तर सव्वापाचला गिझर लावणे हीच काटकसर आहे.

थर्मोस्टॅट वाढवल्याने पाणी लवकर तापते, हा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. थर्मोस्टॅट कॉइलची ताकद वाढवत नाही. तो फक्त कुठे थांबायचे ते ठरवतो. ५५ अंशांपर्यंत पोहोचायला खूण कुठेही असली तरी सारखाच वेळ लागतो. खूण शेवटी ठेवल्याने उलट उष्णतेचा अपव्यय वाढतो, लहान मुलांना भाजण्याचा धोका वाढतो आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा थर कॉइलवर अधिक वेगाने बसतो. सांगली-मिरज भागात बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांतील कॉइल बाहेर काढला की त्यावर पांढरट, खरखरीत कवच दिसते. या कवचाखाली कॉइलची नळी अति तापते, कालांतराने तडकते आणि पाण्यात करंट उतरतो. पुढच्या मुद्द्यांशी या गोष्टीचा थेट संबंध आहे.

सोलरचा दावा ऐकायला तर्कशुद्ध वाटतो : थर्मोस्टॅट आहेच, तो गरजेपुरतीच वीज घेईल. पण सूर्य उगवणार आहे हे थर्मोस्टॅटला कळत नाही. सकाळी आठपर्यंत घरातील आंघोळी उरकतात, टाकीत थंड पाणी येते, आणि कायम चालू ठेवलेला कॉइल लगेच कामाला लागतो. १०० लिटरच्या टाकीला २० वरून ६० अंशांवर नेण्यास साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते. २ किलोवॅटचा कॉइल ते काम साडेदहाच्या सुमारास पूर्ण करतो, म्हणजे गच्चीवर ऊन चढून तेच पाणी फुकट तापायला लागते तेव्हा तापवण्यासारखे काही उरलेलेच नसते. साताऱ्याच्या हिवाळ्यात आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. बॅकअपची खरी गरज जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत पडते. त्यासाठी कॉइलला टायमर लावून तो पहाटेच्या ठरावीक वेळेपुरताच चालू ठेवावा, आणि ऊन असलेल्या महिन्यांत त्याचा एमसीबीच खाली करून ठेवावा.

आता एमसीबीकडे वळू. २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरही घेत नाही. अशा गिझरवर १६ अँपिअरचा एमसीबी पडत असेल तर एमसीबी लहान आहे असा निष्कर्ष निघूच शकत नाही. एक तर त्याच वायरवर दुसरा मोठा लोड आहे, नाही तर कॉइल बिघडला आहे, नाही तर जोड सैल आहे. साताऱ्यातील एका जुन्या घराचा डीबी (एमसीबींची पेटी) उघडला तेव्हा गिझरच्या एमसीबीखालचा स्क्रू बोटाच्या जोराने फिरत होता, तिथे वायरचे लाल आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन वाकवताच तुटत होते, आणि शेजारच्या एमसीबीचे प्लास्टिकही पिवळे पडले होते. सैल जोडाची ती उष्णता एमसीबीतील द्विधातू पट्टीला (तापली की वाकून पुरवठा तोडणाऱ्या पट्टीला) लागत होती आणि म्हणूनच तो कमी प्रवाहातही पडत होता. तो आपले काम चोख करत होता. तिथे ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला असता तर पडणे थांबले असते आणि जळणे चालू राहिले असते. शिवाय गिझरची वायर बहुधा २.५ चौरस मिलिमीटरची आणि प्लग १६ अँपिअरचा असतो. ३२ अँपिअरचा एमसीबी या दोहोंपैकी कशाचेच रक्षण करत नाही.

एमसीबी असताना आरसीसीबीची गरज नाही, या दाव्यामागे दोन उपकरणांच्या कामाची गल्लत आहे. एमसीबी जादा लोड आणि शॉर्ट सर्किट ओळखतो. आरसीसीबी फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरमधून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही हे पाहतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तर ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. माणसाचा जीव जाण्यास १०० मिलिअँपिअर प्रवाहही पुरेसा ठरू शकतो, आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तो प्रवाह नगण्य असतो.

आरसीसीबी सारखा पडतो ही तक्रार मात्र खोटी नाही, आणि ती करणाऱ्याला वेड्यात काढू नये. आपल्याकडे तिचे एक फार सामान्य कारण म्हणजे नंतर बसवलेला इन्व्हर्टर. इन्व्हर्टरचे दिवे-पंखे वेगळे काढताना वायरमन फेज वेगळी करतो, पण न्यूट्रल घरभर एकच ठेवतो. मग एका बाजूने गेलेला प्रवाह दुसऱ्या बाजूने परततो, आरसीसीबीला फरक दिसतो आणि तो पडतो. उपाय न्यूट्रल वेगळे करणे हा आहे. दुसरे कारण खुद्द गिझर. तो तपासताना फक्त बटण बंद करून भागत नाही, कारण प्रवाहाची गळती न्यूट्रलच्या बाजूनेही होते. प्लग पूर्ण उपसून पाहावे. प्लग काढल्यावर आरसीसीबी टिकला, तर कॉइलमधून करंट उतरत आहे असे समजून गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

बटण बंद केल्यावर धोका नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. आंघोळीपूर्वी बटण बंद करण्याची सवय निश्चितच चांगली आहे. पण एकेरी बटण फक्त एकच वायर तोडते, आणि जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलट जोडलेले असणे दुर्मीळ नाही. तसे असल्यास बटण बंद असतानाही कॉइल फेजलाच जोडलेला राहतो. समोरून पाहताना, अर्थिंगचे मोठे छिद्र वर असता, उजव्या छिद्रात टेस्टर पेटला पाहिजे. गिझरसाठी दोन्ही वायरी तोडणारे डीपी बटण किंवा डीपी एमसीबीच असावा.

राहिला सर्वांत घातक सल्ला, अर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडण्याचा. खांबावरून घरात फेज आणि न्यूट्रल येतात. अर्थिंग घरमालकाने करून घ्यायचे असते, आणि नेमका तोच खर्च टाळण्यासाठी हा ‘लूप’ मारला जातो. सर्व ठीक असेपर्यंत काहीच जाणवत नाही. पण पावसाळी वाऱ्यात खांबावरचा न्यूट्रलचा जोड सुटला किंवा मीटरपाशी तो सैल झाला, की फेज चालू असलेल्या दिव्यातून किंवा कॉइलमधून न्यूट्रलवर येते आणि तिथून त्या लूपमार्गे थेट गिझरच्या पत्र्यावर, पाइपवर आणि नळावर येते. कोणतेही उपकरण बिघडलेले नसताना बाथरूममधील नळात करंट उतरतो. एवढेच नव्हे, या लूपमुळे गिझरमधील गळती न्यूट्रलमधूनच परतते, त्यामुळे आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि तो असूनही पडत नाही. असा लूप मारणाऱ्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थिंग आहे असे समजणाऱ्यांनीही ते मोजून घ्यावे. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून तो पेटला की अर्थिंग चांगले, ही परीक्षा अपुरी आहे : त्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे अर्थिंगचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) ५० ओहम असला तरी तो जवळपास पूर्ण तेजाने पेटतो. साताऱ्याच्या डोंगरउतारावरील मुरूम आणि खडक उन्हाळ्यात कोरडे पडतात, आणि तिथे उथळ खड्ड्यातील अर्थिंगचा रोध बराच वाढतो. सांगलीकडची काळी माती ओल धरून ठेवते, पण भेगाळली की तिथेही पकड सुटते. अर्थिंग १० ओहमचे असेल तर गिझरच्या पत्र्याला फेज लागल्यावर जास्तीत जास्त २३ अँपिअर वाहतील, आणि १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्यावर पडायला तासभरही घेऊ शकतो. २० ओहमवर तर तो बहुधा पडणारच नाही, आणि पत्र्यावर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब राहील. याउलट अर्थिंग १,००० ओहमचे असले तरी २३० मिलिअँपिअर वाहतात आणि आरसीसीबी तत्काळ पडतो. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, आणि आरसीसीबीवरील ‘टी’चे (चाचणीचे) बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे पाहायला हवे.

ज्या घरात आज अर्थिंग नाही, तिथे प्रथम अर्थिंगचा खड्डा घ्यावा, अर्थ टेस्टरने त्याचे मोजमाप वायरमनकडून लिहून घ्यावे, डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा, आणि हे काम पूर्ण होईपर्यंत गिझरचा प्लग काढून ठेवून आंघोळीचे पाणी गॅसवर किंवा बंबात तापवावे.