सेंट जॉर्जचा कापूस आणि व्हर्जिन नदीचा बंधारा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज या मॉर्मन वसाहतीवरचा (मॉर्मन हा ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ, त्यांच्यात तेव्हा बहुपत्नीत्व होतं) माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि तीन आक्षेप घेतलेत. वाळवंटात कापूस लावणं हा धर्मगुरूच्या हुकुमावर केलेला वेडेपणा होता. घरात बायका जास्त म्हणजे मजूर फुकट होते. आणि ‘ओसाड मुलूख हिरवा केला’ असं मी लिहिलं, तेव्हा तिथले मूळचे पायूट लोक मला दिसलेच नाहीत. शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य. पहिला मात्र नाही, कारण कापूस तिथे येत होता.

सेंट जॉर्ज सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला सुमारे ४८० किलोमीटरवर आहे आणि बरंच सखल. उन्हाळा लांब आणि कडक. दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या काही कुटुंबांनी १८५७ मध्येच शेजारच्या वॉशिंग्टन गावात सरकी लावली होती. त्यामुळे ऑक्टोबर १८६१ च्या धर्मपरिषदेत ३०९ कुटुंबांना तिकडे जायला सांगितलं, ते हवेत बाण मारून नव्हे. अमेरिकेत उत्तर-दक्षिण राज्यांचं यादवी युद्ध पेटलं होतं, दक्षिणेचा कापूस मिळेनासा होणार हे दिसत होतं.

घात केला तो तिथल्या व्हर्जिन नदीने. तिच्या पात्रात बंधाऱ्याला टेकायला खडक नाही. वर वाळू आणि खाली पाय रुतेल अशी ओली रेती. म्हणून कॉटनवुड झाडाची खोडं, विलोच्या फांद्यांच्या मोळ्या, त्यावर दगड आणि खडी, असा कच्चा बांध घालायचे. पाणी अडलं की ते बांधाच्या पोटाखालून वाट काढतं, जाताना वाळू घेऊन जातं, आणि बांध स्वतःच्याच वजनाने खचतो. खचलेल्या जागेवरून पाणी उलटलं की तासाभरात भगदाड. हिवाळी पावसाचं तर विचारूच नका: नाताळच्या दिवशी, १८६१ ला लागलेली झड जवळजवळ चाळीस दिवस टिकली आणि जवळच्या सांता क्लारा गावचा दगडी कोट नदीने नेला.

उन्हाळ्यातला लोंढा जास्त महाग पडायचा. तो जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे ऐन पात्या-फुलांच्या दिवसांत. कापसाला सोटमूळ असतं, तो तग धरतो, पण ताण लांबला की पातेगळ होते आणि बोंडं कमी धरतात. शेजारचा मका त्याच उन्हात करपतो. बांध दुरुस्त झाला तरी पाट गाळाने भरलेला असायचा. उतार कमी ठेवला तर गाळ बसतो, वाढवला तर पाटाचे काठ कापले जातात. त्यात गोफर नावाचे उंदरासारखे प्राणी काठात बिळं करायचे. रात्री त्यातून पाणी फुटलं की सकाळी खालच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी. जास्त पाणी दिलेल्या सखल रानात पांढरा क्षार वर आला, ते वेगळंच. वॉशिंग्टनमध्ये तर हिवतापाने माणसं अंथरुणाला खिळायची. तिथली ही लढाई पुढच्या पिढीपर्यंत चालली. १८८९ च्या पुरात बंधारा पुन्हा गेला आणि १८९१ मध्ये वरच्या बाजूला नवी जागा शोधून तो बांधला.

ज्याचे जितके एकर, त्याने तितक्या दिवसांचं काम बंधाऱ्यावर आणि पाटावर द्यायचं. आता ‘फुकट मजुरां’चा हिशेब यात घाला. सेंट जॉर्जची मार्था क्रॅगन १८६९ मध्ये आयझेया कॉक्स यांची तिसरी बायको झाली. तिघी एका घरात राहत, कामं वाटून घेत, मार्था शाळेत शिकवून घराला हातभार लावत असे. हात वाढले तसं ताटंही वाढली, हे विसरता येत नाही. बहुपत्नीत्वाचं समर्थन मी करत नाही. पण ‘फुकट’ हा शब्द तिथे बसत नाही.

आणि पोट कापसावर भरत नव्हतंच. गहू कमी पडायचा, तो उत्तरेकडच्या गावांतून काकवी आणि सुकवलेली फळं देऊन आणावा लागे. ही काकवी उसाची नव्हे, गोड ज्वारीची. धांडं घोड्याच्या चरकात पिळायची, रस उथळ कढईत उकळून मळी सतत काढायची. साधारण दहा भाग रसाला एक भाग काकवी. गूळ पडत नाही, कारण त्या रसातली साखर सहज दाणा धरत नाही. मळी काढण्यात हयगय झाली की काकवी काळी आणि कडवट. आपल्या गुऱ्हाळावर वाढलेल्याला हे समजावून सांगायला नको.

कापसाच्या बाजूने वॉशिंग्टनची गिरणी होती, पण १८६९ मध्ये रेल्वे युटात पोहोचली आणि पूर्वेकडचं स्वस्त कापड आलं. एका एकराला पाणी पोहोचवायला इतके दिवस मोडत असताना तिथे कापूस लावून परवडणार कसा? पुढे जवळच सिल्व्हर रीफच्या चांदीच्या खाणी निघाल्या, तेव्हा अनेकांनी तिथल्या कामगारांना धान्य, भाजी आणि वाइन विकणं पसंत केलं.

राहिला ‘ओसाड’ हा शब्द. डोमिंगेझ आणि एस्कालान्ते हे स्पॅनिश पाद्री १७७६ च्या ऑक्टोबरात याच खोऱ्यातून गेले, तेव्हा त्यांना पायूटांची मक्याची शेतं आणि नीट काढलेले पाट दिसले होते. पाण्याजवळची तीच जमीन वसाहतीने घेतली आणि ज्या गवताच्या बियांवर पायूटांचा हिवाळा निघायचा, ते गवत गुरांनी खाल्लं. लेखात आता ‘ओसाड मुलूख’ काढून ‘पायूटांच्या पाटांचा मुलूख’ असं केलं आहे.